जुन्या सन कॉम्प्युटरला सीडी का दिसत नाही?

प्रश्न: माझ्याकडे सन कंपनीचा जुना कॉम्प्युटर, स्पार्कस्टेशन ५ आहे, आतली हार्ड डिस्क गेली म्हणून स्कझी एम्युलेटर कार्ड (जुन्या स्कझी जोडणीवर हार्ड डिस्क किंवा सीडी ड्राइव्हचं सोंग घेणारं) बसवलं, एसडी कार्डावर सोलारिस २.६ या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत) टाकली, पण बूट सीडीरॉम ही कमांड दिली की मशीन ढिम्म. काय चुकतंय?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: मशीन बहुतेक ठणठणीत आहे, आधी स्कझी आयडी, म्हणजे जोडणीवरच्या प्रत्येक उपकरणाचा नंबर बघा. सनचं ओपनबूट (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) सीडी शोधतं ६ वर आणि बूट डिस्क ३ वर, ७ नंबर कंट्रोलरचा, त्यामुळे आयएसओला ६ आणि रिकाम्या डिस्क इमेजला (हार्ड डिस्कच्या जागी वापरायच्या फाइलला) ३ द्या, एकच कार्ड दोन्ही सोंगं घेतं. मग स्टॉप आणि ए एकदम दाबून ओपनबूटच्या ओके प्रॉम्प्टवर या आणि जोडलेली उपकरणं दाखवणारी प्रोब-स्कझी कमांड मारा, दोन्ही नावं दिसली की अर्धी लढाई जिंकलात.

दिसूनही बूट होत नसेल तर खरी मेख ब्लॉकची, म्हणजे डेटा ज्या तुकड्यांत वाचला जातो त्यांच्या आकाराची. साधी सीडी २०४८ बाइटचा ब्लॉक देते, जुन्या सनला ५१२ चा लागतो, आणि इथेच भलेभले अडकतात, कार्डाच्या सेटिंगमध्ये हे नक्की तपासा.

स्क्रीनवर आयडीप्रॉम इनव्हॅलिड आलं तर मशीनची ओळख आणि सेटिंग जपणाऱ्या एनव्हीरॅम चिपच्या पोटातली बॅटरी संपलीय, त्यात इथरनेट ॲड्रेसही जातो, चिप नवी टाका. आणि प्लीज, मशीन भंगारात देऊ नका हो! इन्स्टॉल झाल्यावर डिस्क इमेजची एक कॉपी लॅपटॉपवर ठेवा, पुन्हा हा सगळा खटाटोप नको.