माझ्या नावाचं खोटं फेसबुक खातं काढून कोणी गावात पैसे मागतंय, काय करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुमचाच फोटो लावलेल्या खात्यावरून तुमच्या मोठ्याबाबांना 'दवाखान्यात आहो, पाच हजार पाठवा' असा मेसेज आला. आधी त्या खात्याचे स्क्रीनशॉट काढा, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. रिपोर्ट नंतर. बरेच जण उलट करतात, आणि खातं बंद झालं की पुरावाही जातो. मग तीन टिंबांवर जाऊन रिपोर्ट करा, कारणात 'माझं सोंग घेतोय' अर्थाचा पर्याय निवडा. चार ओळखीच्यांनाही करायला लावा.

कोणी पैसे पाठवलेच असतील, तर ज्याचे गेले त्यानेच लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तर बँकेला ते रोखता येतात. पोलीस ठाण्यात तक्रारीला गेल्यावर 'फेसबुकचं काय एवढं' म्हणाले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 66सी आणि 66डी सांगा. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि सोंग घेऊन फसवणं, दोन्हींत 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

आता, त्या ठगाला मोठेबाबा सापडले कसे? बहुतेक तुमची मित्रयादी सगळ्यांना दिसते. सेटिंगमध्ये ती 'फक्त मी' करा. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन, म्हणजे जास्तीचा गुप्त आकडा, लावा. आणि ग्रुपवर 'पीएम किसान' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी) आली, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका. त्याचाच फोन दुसऱ्याच्या हातात गेलेला असू शकतो.

तुम्ही आधार, पासबुक ग्रुपवर टाकल्याचंही लिहिलंय. यात मीही धुतल्या तांदळाचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात माझं ऑनलाइन कामांचं छोटं केंद्र आहे. पीकविम्याच्या दिवसांत लोक आधार, पासबुक, सातबारा सरळ माझ्या व्हॉट्सॲपवर टाकतात. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात माझा फोन हरवला. गॅलरीत अर्ध्या गावाचे कागद होते. फोन संध्याकाळी एका भाजीवाल्याकडे सापडला, पण तोवर माझ्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं. तेव्हापासून अर्ज भरला की माणसासमोरच फोटो पुसतो, ट्रॅशमधूनही. लोक म्हणतात, 'राहू दे ना भाऊ, पुढच्या साली पुन्हा लागते.' तुम्ही मात्र तुमच्या केंद्रवाल्याला हे बिनदिक्कत करायला लावा. त्याला राग आला तर येऊ द्या.

ग्रुपवरचं आधार आता परत येणार नाही. पण सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवा. पुढे नुसती ओळख दाखवायची असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉकही करता येतं, म्हणजे अंगठ्यावरून खात्यातले पैसे कोणी काढू शकत नाही.

एवढंच, की राशनच्या दिवशी ते उघडायला विसरू नका. मी आईचं लॉक केलं आणि सांगायचं राहिलं. मशीन अंगठा घेईना, दुकानदार पुन्हा पुन्हा पुसायला लावी. घरी येऊन आई म्हणाली, 'तुनं माहा आंगठा बंद करून ठेवला काय रे?'