ठेव मोडण्याआधी नंबर का वाढला ते बघा

वडगावहून (बेळगाव) एका यंत्रमागधारकांनी विचारलंय: "वय 47, घरचे दोन माग. चष्म्याचा नंबर पाच वर्षांत उणे 9 वरून उणे 13 वर गेला. डोळ्यांत लेन्स बसवायला 2 लाख 20 हजार सांगितलेत. सोसायटीत मुलीच्या शिक्षणासाठी 4 लाखांची ठेव आहे. मोडू का?"

आत्ता मोडू नका. नंबर का वाढला, हेच तुमच्या पत्रात नाही. या वयात मोतीबिंदू धरू लागला तरी उणे नंबर वाढतो, साखर चढली तरी हलतो, नाहीतर डोळ्याचा गोळाच लांबत असतो. मोतीबिंदू असेल तर त्याच ऑपरेशनच्या लेन्समध्ये बराचसा नंबर उतरतो. आज घातलेली लेन्स मात्र तेव्हा काढावी लागेल, म्हणजे खर्च दोनदा. गोळा लांबत असेल तर लेन्सने दिसेल चांगलं, पण आतल्या पडद्याचा धोका तसाच राहील. तेव्हा आधी बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, डोळ्याच्या लांबीचं माप आणि साखर, एवढं करून घ्या.

तुम्ही लिहिलंय, मागावर तुटलेली सुताची तार जोडताना चष्मा कपाळावर सरकवता. उणे 13 ला चष्म्याविना साधारण 8 सेंटिमीटरवर, म्हणजे चार बोटांवर, स्पष्ट दिसतं. लांबचं दिसणारी लेन्स बसली की ही सोय गेली. जवळचा चष्मा लागणारच. डॉक्टरांना मागावरचं काम सांगितलंय का?

आरोग्य विम्यात 7.5 पेक्षा कमी नंबरचं ऑपरेशन वगळलेलं असतं. तुमचा त्यापुढचा आहे, म्हणून विचारून बघाच. पण दोन वर्षांपूर्वी पॉलिसी घेताना फॉर्मवर नंबर लिहिला होता का? आधीपासूनच्या दुखण्याला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मला खरी काळजी पडदा सुटण्याची. डोळ्यात चमका, अचानक काळे ठिपके, कडेने सावली आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोसायटी सोमवारी उघडायची वाट बघत बसता येत नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, तुमच्या सोसायटीसारख्या पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणून मुदत संपली की निदान लाखभर बँकेत, हाताशी ठेवा. तोवर रोज 150 ची पिग्मी (रोजच्या बचतीची ठेव) भरता, ती घरखर्चात वळवू नका.

तपासणीचे कागद आले की नंबर, लांबी, साखर असे तिन्ही आकडे कळवा. लेन्सचं मग बघू.