धरणाचे आकडे: टीएमसी, दलघमी आणि घन किलोमीटर

सुरुवातीला एवढंच पाठ करा:

- १ घनमीटर = १,००० लिटर
- १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) = १०० कोटी लिटर
- १ घन किमी = १,००० दलघमी
- १ टीएमसी (एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी घनफूट) = २८.३२ दलघमी

नवखे हमखास चुकतात ते घनात. किलोमीटर म्हणजे हजार मीटर, म्हणून घन किमी म्हणजे हजार घनमीटर असं धरतात. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे हजार, म्हणजे शंभर कोटी घनमीटर!

कोयना धरणावर करून बघा, क्षमता १०५.२५ टीएमसी: १०५.२५ × २८.३२ = सुमारे २,९८० दलघमी, म्हणजेच २.९८ घन किमी. उत्तर २,९८० घन किमी आलं, तर शून्यं मोजा.

टीएमसी मुळात घनफुटांचं माप, त्यामुळे दहाच्या पटीत बसणार नाही. क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सध्या बाजूला ठेवा. तो साठा नव्हे, विसर्गाचा वेग आहे.