रोज तीस शब्द नकोत, आठ पुरेत, पण सोबत्यांसकट

प्रश्न : आम्ही अकरा वर्षांपासून पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला राहतो. आलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. तिचं सगळं शिक्षण पोलिश माध्यमात झालं आणि आता ती लित्सेउमच्या (इथल्या चार वर्षांच्या उच्च माध्यमिक शाळेच्या) तिसऱ्या वर्गात आहे. घरी मराठी बोलते, पण डोक्यात पोलिशच चालते. इंग्रजी बी-२ पातळीचं आहे (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी). तिला इंग्रजी घेऊन अनुवादक व्हायचंय. त्यासाठी इंग्रजीची विस्तारित मातुरा (शाळा संपतानाच्या परीक्षेचा वरच्या पातळीचा पेपर) आणि केंब्रिजची सी-१ ॲडव्हान्स्ड अशा दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. रोज तीस अवघड शब्द आणि पाच वाक्प्रचार पाठ करते. तरीही शिक्षिका निबंधावर 'व्याकरण बरोबर, पण इंग्रज असं म्हणत नाहीत' असा शेरा देतात. नेमकं काय चुकतंय?
– एक आई

उत्तर : नमस्कार ताई. शिक्षिकांचा शेरा अगदी नेमका आहे. मुलीला शब्द येतात, पण कुठला शब्द कोणासोबत बसतो ते येत नाही, आणि ही सोबत मुलगी पोलिशमधून उचलते. शब्द आणखी अवघड केले तर ही अडचण वाढेलच.

काही उदाहरणं पाहा. पोलिशमधलं 'झ्रोबिच' हे क्रियापद आपल्या 'करणे'सारखं सगळीकडे चालतं. फोटोही 'झ्रोबिच' करतात, म्हणून पोलिश मुलं 'मेक अ फोटो' लिहितात. इंग्रजीत फोटो 'टेक' करतात. पोलिशमध्ये चूक आणि गुन्हा या दोन्हींना 'पोपेउनिच' हे एकच क्रियापद लागतं, त्यातून 'कमिट अ मिस्टेक' येतं. इंग्रजीत गुन्हा 'कमिट' होतो, चूक 'मेक' होते. 'याला अर्थ नाही' हे पोलिशमध्ये 'असणे' या क्रियापदाने सांगतात, म्हणून 'इट हॅज नो सेन्स'. हवं असतं 'इट मेक्स नो सेन्स'. पोलिश पाऊस 'सिल्नी' म्हणजे बलवान असतो, म्हणून 'स्ट्राँग रेन'. इंग्रजी पाऊस 'हेवी' असतो. यातला एकही शब्द अवघड नाही, आणि नेमके हेच शब्द रोजच्या तीस शब्दांच्या यादीत कधी येत नाहीत.

तिच्याकडे मराठी आहे, हा फायदा तिच्या वर्गमित्रांना नाही. 'डिपेंड' या शब्दानंतर पोलिश मुलं 'फ्रॉम' लावतात, कारण त्यांच्या भाषेत अवलंबून असणं 'पासून' असतं. आपण 'हवामानावर अवलंबून' म्हणतो, म्हणजे 'ऑन'. मराठीतून पाहिलं तर ती चूक होणारच नाही. मात्र काही ठिकाणी दोन्ही भाषा तिला एकाच खड्ड्यात ढकलतात. 'मी दोन वर्षांपासून इथे राहते' हे वाक्य मराठीत आणि पोलिशमध्येही साध्या वर्तमानकाळात येतं, म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स'. हवं असतं 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. 'अ' आणि 'द'चंही तसंच. ही उपपदं दोन्ही भाषांत नाहीत. या दोन चुका सर्वांत उशिरा सुटतील, तोवर धीर धरा.

पहिलं काम असं करा. मागचे दहा तपासलेले निबंध काढा आणि एका वहीत तीन रकाने आखा : तिने काय लिहिलं, ते पोलिशमधल्या कुठल्या शब्दप्रयोगावरून आलं, आणि इंग्रजीत काय म्हणतात. मधला रकाना तिने स्वतः भरायचा, कारण चूक कुठून आली ते तिथेच सापडतं. पंधरा-वीस नमुनेच फिरून फिरून येताना दिसतील. नवीन यादी हातात घेण्याआधी ते संपवा.

आता संख्येचं बोलू. अंकीसारख्या उजळणीच्या ॲपमध्ये रोज जितकी नवीन कार्डं टाकावीत, त्याच्या साधारण सात ते दहा पट जुनी कार्डं रोज समोर येतात. तीस नवीन म्हणजे दोन-तीनशे उजळण्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा ढीग डोईजड होतो, दोन दिवस चुकतात आणि मग ॲप उघडणंच बंद पडतं. रोज आठ नवीन, आठवड्यातून पाच दिवस, एवढंच ठेवा. उजळणी साठ ते ऐंशी कार्डांची राहील आणि वीस मिनिटांत आटपेल. चौथ्या वर्गाच्या मे महिन्यातल्या मातुरापर्यंत साधारण ऐंशी आठवडे हाती आहेत, म्हणजे तीन हजारांच्या आसपास कार्डं होतात. केंब्रिजच्या अंदाजाने बी-२ पर्यंत मार्गदर्शनासह ५०० ते ६०० तास लागतात आणि सी-१ पर्यंत ७०० ते ८००. मधल्या दोनशे तासांतले काही शाळेतच होतात, त्यामुळे वेळ पुरेसा आहे.

कार्डावर एकटा शब्द कधीच नको. 'कन्सिस्टंट' हा शब्द घ्या. पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेलं पूर्ण वाक्य आणि फक्त पहिलं अक्षर : 'पेरेंट्स शुड बी क... इन व्हॉट दे अलाऊ'. मागे उत्तर. त्याखाली सोबती : 'कन्सिस्टंट विथ', 'कन्सिस्टंट ॲप्रोच', 'कन्सिस्टंटली लेट'. त्याखाली कुटुंब : कन्सिस्टन्सी, इनकन्सिस्टंट, इनकन्सिस्टन्सी. सगळ्यात खाली लाल शाईने इशारा : पोलिश 'कॉन्सेक्फेन्त्नी' म्हणजे 'कॉन्सिक्वेंट' नव्हे. असं एक कार्ड बनवायला तीन-चार मिनिटं जातात. ती वाया जात नाहीत, निम्मा अभ्यास तिथेच होतो. म्हणून कार्डांचे तयार संच (डेक) उतरवून घेऊ नयेत. कुठला अर्थ कुठल्या पातळीचा, हे केंब्रिजच्या 'इंग्लिश व्होकॅब्युलरी प्रोफाइल'वर फुकट पाहता येतं. एकाच शब्दाचा एक अर्थ ए-२ आणि दुसरा सी-१ असू शकतो. 'अवघड' शब्द शोधण्यापेक्षा ओळखीच्या शब्दांचे हे वरचे अर्थ शिकणं जास्त कामाचं.

दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द तिने वेगळ्या पानावर लिहावेत. 'अक्तुआल्निए' म्हणजे सध्या, तर 'ॲक्च्युअली' म्हणजे खरं तर. 'सिम्पातिच्नी' म्हणजे गोड स्वभावाचा, 'सिम्पथेटिक' म्हणजे सहानुभूती असलेला. 'ऑर्दिनार्नी' म्हणजे असभ्य, 'लेक्तुरा' म्हणजे वाचन, 'रेअलिझोवाच' म्हणजे अमलात आणणे. 'दिवान' म्हणजे गालिचा. आपल्या घरातला बसायचा दिवाण आणि हा गालिचा मुळात एकच फारसी शब्द. जिथे वाक्य विचित्र होतं तिथे चूक लगेच कळते. जिथे वाक्य बरोबरच वाटतं तिथे खरा धोका आहे. पोलिश 'पेन्स्या' म्हणजे पगार. 'माय सिस्टर हॅज अ गुड पेन्शन' असं लिहिलं तर वाचणारा बहीण निवृत्त झाली असं समजतो. 'एवेन्तुआल्निए' म्हणजे 'नाहीच जमलं तर'. त्या अर्थाने 'इव्हेंच्युअली' लिहिलं तर ऐकणारा 'शेवटी नक्की' असं धरून चालतो.

फ्रेजल व्हर्ब्जकडे, म्हणजे 'अप', 'ऑफ' असे छोटे शब्द लागून अर्थ बदलणाऱ्या इंग्रजी क्रियापदांकडे, विशेष लक्ष द्या, कारण इथे तिची मराठी सर्वांत जास्त उपयोगी पडेल. पोलिशमध्ये क्रियापदाला पुढून उपसर्ग लागतो आणि अर्थ वळतो. 'येश्च' म्हणजे खाणे, 'झ्येश्च' म्हणजे खाऊन टाकणे. 'पिच' म्हणजे पिणे, 'विपिच' म्हणजे पिऊन टाकणे. 'पिसाच' म्हणजे लिहिणे, 'झापिसाच' म्हणजे लिहून ठेवणे, 'प्शेपिसाच' म्हणजे उतरवून काढणे. मराठी तेच काम टाकणे, ठेवणे, काढणे या मागून येणाऱ्या क्रियापदांनी करते. इंग्रजीसुद्धा मागूनच करते, फक्त छोट्या शब्दांनी : ईट अप, ड्रिंक अप, राइट डाऊन, कॉपी आऊट. 'संपवून टाकण्या'ची छटा कितीतरी ठिकाणी 'अप'मध्ये असते. वापरून संपवणे म्हणजे 'यूज अप'. हे सगळीकडे लागू पडत नाही. 'गिव्ह अप', 'पुट अप विथ' ही तशीच लक्षात ठेवावी लागतात. पंधरवड्याला दहा पोलिश क्रियापदं घ्या, तिन्ही भाषांतलं रूप एका ओळीत लिहा. सर्वनाम मध्ये येतं हेही त्याच ओळीत दाखवा : 'पुट इट ऑफ', कधीही 'पुट ऑफ इट' नाही.

पोलिशमध्ये लॅटिन वळणाचे शब्द भरपूर आहेत, त्यामुळे मुलांना 'टॉलरेट' हा शब्द 'पुट अप विथ'पेक्षा सोपा वाटतो. मग मैत्रिणीला लिहिलेलं पत्र सरकारी परिपत्रकासारखं होतं. निबंधात असे शब्द शोभतात, बोलण्यात नाही.

वाक्प्रचारांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात चित्र तेच राहतं : 'क्रोकोदिले ल्झी', 'क्रोकोडाइल टिअर्स' आणि आपले नक्राश्रू. हे फुकटात मिळतात. दुसऱ्यात चित्र वेगळं, अर्थ तोच. पोलिश माणूस सुईचा पिचफोर्क (गवत उचलायचा मोठा काटा) करतो, इंग्रज वारुळाएवढ्या मातीच्या ढिगाचा डोंगर करतो, आपण राईचा पर्वत करतो. पोलिश माणूस भिंतीवर वाटाणे फेकतो, इंग्रज विटांच्या भिंतीशी बोलतो, आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततो. अस्वल मारण्याआधीच पोलंडमध्ये कातडं वाटून घेतात, इंग्लंडमध्ये उबण्याआधी पिल्लं मोजतात, आपल्याकडे बाजारात तुरी असतानाच भट भटणीला मारतो. ही त्रिकुटं तिने मराठीसकट लिहावीत. दोन चित्रांपेक्षा तीन चित्रं घट्ट बसतात, कारण मग पोलिश चित्र एकटं वरचढ राहत नाही.

तिसरा ढीग फसवा आहे : चित्र जवळचं, पण अर्थ किंवा रूप थोडं सरकलेलं. पोलिशमध्ये 'दोन डावे हात' असलेला माणूस कुठल्याच हातकामात धड नसतो. इंग्रजीत 'टू लेफ्ट फीट' असलेल्याला फक्त नाचता येत नाही. शुभेच्छा देताना पोलिश लोक अंगठे मुठीत धरतात, म्हणून मुलं 'आय ॲम होल्डिंग माय थंब्ज' लिहितात आणि ब्रिटिश वाचक गोंधळतो. तिथे बोटं एकमेकांवर चढवतात : 'फिंगर्स क्रॉस्ड'. माझं मत स्पष्ट आहे. दीडशे वाक्प्रचार ओळखता यावेत, स्वतः वापरायला तीस पुरेत, आणि दिवसाला पाच पाठ करणं आजपासून थांबवावं. पाठ्यपुस्तकातलं कुत्र्या-मांजरांच्या पावसाचं वाक्य आज फारसं कोणी बोलत नाही. 'इट्स पोअरिंग' म्हणावं.

परीक्षेत याचा हिशेब असा लागतो. सी-१ ॲडव्हान्स्डच्या लेखनात ९० मिनिटांत दोन मजकूर, प्रत्येकी २२० ते २६० शब्दांचे. पहिला नेहमी निबंध. दुसऱ्यासाठी पत्र किंवा ईमेल, प्रस्ताव, अहवाल, परीक्षण यांतून एक निवडायचा. निबंधात आणि अहवालात वाक्प्रचार शून्य, परीक्षणात एखादा. विस्तारित मातुरात लेखन २०० ते २५० शब्दांचं असतं आणि एकूण ६० गुणांपैकी १३ गुण त्याला आहेत. तिथेही वाक्प्रचारांचा तोच नियम पाळावा. सी-१ च्या वाचन-भाषावापर पेपरात चौथ्या भागात वाक्य दिलेल्या शब्दासह फिरवून लिहायचं असतं, तीन ते सहा शब्दांत, आणि दिलेला शब्द जराही न बदलता. समजा वाक्य आहे 'इट इज पॉइंटलेस टू आर्ग्यू विथ हिम' आणि शब्द 'पॉइंट'. उत्तर : 'देअर इज नो पॉइंट इन आर्ग्यूइंग विथ हिम'. पोलिश मनातून 'इज नो पॉइंट टू आर्ग्यू' येतं, कारण त्यांच्याकडे इथे क्रियापदाचं मूळ रूपच लागतं. असे सहा प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. वर सांगितलेली तीन रकान्यांची वही इथे सरळ गुण मिळवून देईल. निकालात १८० ला सी-१ मिळतं. १६० ते १७९ मध्ये बी-२ चा शेरा येतो. प्रमाणपत्र मिळालं तरी मातुरा द्यावीच लागते, म्हणून सी-१ ची परीक्षा चौथ्या वर्गाच्या हिवाळ्यात उरकावी.

अनुवादक व्हायचं असेल तर आठवड्यातून एकदा हा सराव हवा : इंग्रजी बातमीतला दीडशे शब्दांचा उतारा पोलिशमध्ये करायचा, चार दिवस बाजूला ठेवायचा, मग मूळ न पाहता परत इंग्रजीत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. जिथे फरक पडतो तिथून पुढच्या आठवड्याची कार्डं मिळतात. वार्शावा (वॉर्सा) विद्यापीठातली उपयोजित भाषाविज्ञान संस्था आणि पोझ्नानच्या आदाम मित्स्किएविच विद्यापीठातली इंग्रजी विद्याशाखा नक्की पाहा. नुसता सर्वसाधारण अनुवाद आता यंत्र पटकन करतं, म्हणून कायदा, वैद्यक किंवा तंत्रज्ञान यांपैकी एक विषय सोबत धरायला हवा. शपथबद्ध अनुवादकाचा, म्हणजे अधिकृत कागदपत्रांचा प्रमाणित अनुवाद करणाऱ्याचा, व्यवसाय २००४ च्या कायद्याने चालतो. त्याला पदव्युत्तर पदवी आणि न्याय मंत्रालयाच्या मंडळाची परीक्षा लागते, शिवाय नागरिकत्वाचीही अट आहे. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असतील तर ही अट आत्ताच नीट समजून घ्या, कारण नागरिकत्वाचा निर्णय घरातल्या सगळ्यांचा असतो आणि त्याला वर्षं लागतात.