एकटा राहिला की कुत्रा दाराची चौकट कुरतडतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षाचा कुत्रा, तुम्ही पणजीला कामावर गेलात की मुख्य दाराची चौकट कुरतडतो आणि घरमालक कुरकुर करतोय. दात येत असतील असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. पक्के दात सहा-सात महिन्यांपर्यंत येऊन जातात. कंटाळलेला कुत्रा हाती लागेल ते फोडतो, चप्पल, उशी, रिमोट. तुमचा बाहेर जायच्या वाटेलाच दात लावतो, म्हणजे बहुधा एकटेपणाला घाबरतो. मोबाइल लावून रेकॉर्डिंग करा. तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासाच्या आतच धापा, येरझाऱ्या, रडणं सुरू झालं तर कारण तेच.

संध्याकाळी येऊन ओरडू नका. तो कान पाडतो ते तुमच्या आवाजाला भिऊन. सकाळच्या चौकटीशी त्याचा संबंध त्याला लागत नाही.

चावण्याने, चाटण्याने कुत्रा शांत होतो, म्हणून ते बंद पाडण्यापेक्षा वळवा. पोकळ रबरी खेळण्यात भात आणि काटे काढलेली उकडलेली मासळी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, निघताना द्या. कांदा, मीठ नको. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांच्या फाका घशात-आतड्यात रुततात. आपल्याकडे नारळाचं सोडणही, म्हणजे वरची काथ्याची साल, टाकतात कुत्र्यापुढे. फाडायला त्याला मजा येते खरी, पण काथ्या गिळला तर अडकतो. द्यायचं तर समोर बसून.

खेळणं तुम्ही परत येईपर्यंत तसंच पडलेलं दिसलं, तर भीती मोठी आहे. घाबरलेला कुत्रा खात नाही. मग सवय लावावी लागेल. चावी, हेल्मेट उचला आणि पुन्हा बसा. नंतर काही सेकंद बाहेर, तो बिथरायच्या आत परत. वेळ हळूहळू वाढवा. हे चालू असताना शक्यतो त्याला पूर्ण दिवस एकटं ठेवू नका, शेजारच्या काकींकडे सोडा. पिंजऱ्यात कोंडायचा सल्लाही मिळेल. ऐकू नका, असे कुत्रे गज चावून दात मोडून घेतात.

एवढ्याने भागलं नाही तर ते रेकॉर्डिंग पशुवैद्यांना दाखवा. भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती त्यांनीच द्यायची. घरातली माणसांची गोळी नको. फटाक्यांनाही घाबरत असेल तर दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीची वाट बघू नका, गणेश चवथीच्या आधीच विचारा. रोजच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.