हॉस्टेलवर, मोजक्या पैशांत राहून विद्यार्थ्याला पर्यावरणासाठी रोज काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सेकंड इयरला आहात, पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीत एका कॉटपुरती जागा भाड्याने घेऊन) राहता आणि घरून येणारे पैसे महिनाअखेर पुरत नाहीत. 'पर्यावरणपूरक जगा' म्हणून जे काही वाचायला मिळतं, त्यात सगळं विकत घ्यायचंच असतं: बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, कापडी पिशव्यांचा सेट. मग आपल्यासारख्यांनी करायचं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं, काहीच विकत घेऊ नका. आमच्या घरात दोन शब्द सतत कानावर पडायचे: पुरवून वापर. तेल पुरवून वापर, साबण पुरवून वापर, पाणी तर पुरवूनच वापर. पुण्यात चार वर्षं काढल्यावर मला वाटतं, विद्यार्थ्याला जे करता येण्यासारखं आहे त्यातलं बहुतेक सगळं या दोन शब्दांत येतं.

मी औसा तालुक्यातली, लातूर जिल्हा. २०१४ ते २०१८ पुण्यात इंजिनिअरिंग केलं. नारायण पेठेतल्या एका खाजगी हॉस्टेलवर आम्ही चाळीस जणी होतो. मी सेकंड इयरला असतानाच २०१६ चा तो उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. आमच्या गावात टँकर यायचा आणि आई दारातल्या पिंपाला कुलूप लावायची.

त्या वर्षी खडकवासल्याच्या धरणांतही पाणी कमी होतं, पुण्यात दिवसाआड पाणी येत होतं. तरी हॉस्टेलवर सकाळी एक गोष्ट बघून माझ्या पोटात कालवायचं. गच्चीवर सोलर होता. तिथून गरम पाणी खाली नळापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर पाइपमधलं गार पाणी सगळ्या जणी सरळ मोरीत सोडून द्यायच्या. एक दिवस मी बादली लावून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी यायच्या आत अर्ध्याहून जास्त बादली भरली. म्हणजे आठ-नऊ लिटर स्वच्छ पाणी, एकीच्या एका आंघोळीमागे. पहिल्या दोघी-तिघींनंतर पाइप तापलेला असतो, त्यामुळे चाळिसांनी गुणायचं कारण नाही, पण तरीही ते पाणी बरंच होतं. म्हणून मी दुसरी बादली ठेवली. ते गार पाणी कपडे धुवायला वापरायचं आणि कपड्यांचं शेवटच्या खळबळीचं पाणी संडासात ओतायचं. तुमच्याकडे सोलर किंवा गिझर असेल तर उद्या सकाळी आधी हेच करून बघा. एक पैसाही लागत नाही.

माझी रूम पार्टनर चिपळूणची होती. चार महिने धो धो पाऊस बघत वाढलेली मुलगी. तिला माझी दुसरी बादली म्हणजे नसता अडथळा वाटायचा आणि त्यावरून आमचे खटके उडायचे. एप्रिलमध्ये माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला ती आमच्या गावी आली. परत आल्यावर या विषयावर ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. पण त्यानंतर बादली तीच लावायची.

आता वीज. इथे मला थोडं आकड्यांत बोलू द्या, कारण लहान गोष्टींची काळजी करता करता मोठ्या निसटतात. 'चार्जर बोर्डात तसाच राहिला' म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. हल्लीच्या फोनची बॅटरी साधारण वीस वॅट-तासांची असते, म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो. उलट १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड वीस मिनिटं चालला की अर्धं युनिट गेलं. एका बादली गरम पाण्यात तुमचा फोन वीस दिवस चालला असता. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. रिकाम्या खोलीत तो आठ तास फिरला की ०.६ युनिट. आपल्याकडे बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे आणि एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रोजचा रॉड धरला तर महिन्याला ११ किलोच्या आसपास.

दुचाकीशी तुलना करून बघा. रोज दहा किलोमीटर, महिन्यात पंचवीस दिवस, गाडी लिटरला ४५ देते असं धरलं तर साडेपाच लिटर पेट्रोल जळतं. एका लिटरमागे सुमारे २.३ किलो, म्हणजे १२-१३ किलो. रोजची गरम आंघोळ आणि रोजचं गाडीवर कॉलेज, दोन्ही जवळपास सारखंच. मला हे समजलं तेव्हा आश्चर्यच वाटलं होतं. तुम्ही बसने किंवा चालत जात असाल तर तुम्ही आधीच मोठं काम करताय, ते कुणी मोजत नाही एवढंच. रॉड वापरावाच लागत असेल तर फोनवर गजर लावा. रॉड लावून झोप लागते, पाणी उकळतं, मग ते निववायला आणखी बादलीभर गार पाणी ओतावं लागतं, असं आमच्याकडे नेहमी व्हायचं. आणि कृपा करून, बटण बंद करून रॉड बाहेर काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

जेवण हा माझ्या मते सगळ्यात मोठा विषय आहे. मेसमध्ये वाया जाणारं अन्न दोन ठिकाणी जातं. एक ताटात, ते दिसतं. दुसरं पातेल्यात, ते आपल्याला दिसत नाही. आमच्या मेसच्या काकू साठ जणांचा स्वयंपाक करायच्या. शनिवारी-रविवारी पंधरा-वीस जण न सांगता यायचेच नाहीत. कुणी गावाला, कुणी बाहेर जेवायला. भात, भाजी सगळं उरायचं. महिन्याला चार खाडे (न जेवलेले, पैसे न लागणारे दिवस) मिळायचे, पण खाडा सांगायचा कधी याला काही नियमच नव्हता, लोक महिनाअखेर हिशेबाच्या वेळी सांगायचे. मग आम्ही तिघींनी काकूंशी बोलून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. सकाळी दहापर्यंत खाडा सांगितला तरच तो धरायचा. पहिला महिना भांडणांत गेला. दुसऱ्या महिन्यात काकू स्वतः म्हणाल्या, "अगं, तांदूळ उरतोय माझा." त्या उरलेल्या पैशांतून त्यांनी बुधवारी ताक सुरू केलं. तुम्ही काहीच करणार नसाल आणि एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. शेतकऱ्याची मुलगी म्हणून सांगते, एक किलो तांदूळ पिकवायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं असं मानतात. पातेलं मोरीत रिकामं होतं तेव्हा तेही पाणी जातं.

ताटाचं म्हणाल तर अनलिमिटेड थाळीत आधी थोडं घ्यायचं, मग परत मागायचं. अर्धी पोळी हवी असेल तर अर्धी मागायला लाजू नका. दुसरा अर्धा भाग घेणारं कुणीतरी टेबलावर असतंच.

कागद. 'पाठकोरे' हा शब्द तुमच्या घरी वापरतात का, माहीत नाही. एका बाजूने छापलेले, मागून कोरे असलेले कागद. वर्ष संपलं की माझे वडील आमच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून दाभण आणि जाड दोऱ्याने त्यांची नवी वही शिवून द्यायचे. पुण्यात झेरॉक्सच्या दुकानात चुकलेल्या प्रिंटचा गठ्ठा पडलेला असतो, मागितला की देतात. चार वर्षं माझी सगळी रफ गणितं त्यावरच झाली. पुस्तकांसाठी पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच. जुनी घ्यायची, वर्षाअखेर त्याच दुकानात परत द्यायची, थोडे पैसेही सुटतात. फक्त पेनने रेघोट्या ओढू नका, भाव पडतो.

एक गोष्ट मात्र मला आजही लागून राहिली आहे. आम्हाला पर्यावरणाचा सक्तीचा विषय होता आणि त्याचा प्रोजेक्ट एकाच बाजूने छापून, स्पायरल करून, वर प्लास्टिकचं कव्हर लावून द्यायचा होता. वर्गात सत्तर मुलं. सत्तर फायली कपाटात गेल्या. आम्ही मॅडमना भेटून विचारलं, पाठपोट छापून, साधी टाचणी लावून दिलं तर चालेल का? आमच्या वर्षी नाही चाललं. पुढच्या बॅचला त्यांनी ते स्वतः सुरू केलं. म्हणून सांगते, विचारत राहा. विद्यार्थ्याच्या हातात पैसे नसतात, पण शिक्षकांना, मेसवाल्यांना, घरमालकांना जाऊन विचारणं असतं.

कचऱ्याबद्दल. पुण्यात अनेक भागांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारात येतात. ओल्यातून सुका वेगळा करून, त्यातलं विकण्याजोगं विकून त्यांना उत्पन्न मिळतं. भाजीने माखलेला पुठ्ठा, आत दही सुकलेला डबा यांना भंगारात भाव नाही. म्हणून पार्सलचा डबा टाकण्याआधी खळबळून घ्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, पिशवी मात्र विकली जाते. चिप्सच्या चकचकीत पाकिटाला भावच नसतो, त्यामुळे ते कमी आणलेलंच बरं. आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. ही पद्धत याच ताईंच्या आग्रहातून आली, म्हणजे त्यांना ते उघडून बघावं लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या ताईंनी एकदा मला त्यांचे हात दाखवले होते. त्या दिवसानंतर मी हे कधी विसरले नाही. सोसत असेल तर मेन्स्ट्रुअल कप घ्या, तो काही वर्षं चालतो. 'काहीच विकत घेऊ नका' म्हणाले त्याला माझा हा एक अपवाद.

चहाच्या टपरीवर "काचेच्या ग्लासात द्या" एवढंच म्हणा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिला तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. फेस्टचे टी-शर्ट हाही तसाच विषय. मला चार वर्षांत नऊ मिळाले, घातले दोन. नको असेल तर यादीत नाव देऊ नका. फोन फुटला नसेल तर नवा घेण्याऐवजी बॅटरी बदलून घ्या, कारण फोनपायी होणाऱ्या प्रदूषणातलं बहुतांश तो बनतानाच झालेलं असतं.

शेवटचं, आणि तुम्हाला आत्ताच सुरू करता येईल असं. मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा जिन्यात काय काय पडतं ते बघा. चांगल्या बादल्या, मग, गाद्या, टेबल लॅम्प, हँगर, न संपलेली डिटर्जंटची पाकिटं. दोन महिन्यांनी नव्या मुली येतात आणि हेच सगळं नवीन विकत घेतात. आम्ही थर्ड इयरला असताना एका वहीत यादी केली. जाणारीने काय ठेवलं ते लिहायचं, येणारीने काय नेलं ते लिहायचं, पैशांचा व्यवहार नाही. पहिल्या वर्षी एकोणीस बादल्या जमल्या, ऑगस्टपर्यंत सगळ्या गेल्या. गाद्यांना मात्र ऊन दाखवून, खोळ धुवून ठेवावं लागतं, नाहीतर कुणी घेत नाही.

जागेचं आधी ठरवा. पावसाळा तोंडावर असतो, सामान कोरडं राहायला हवं. आमचे घरमालक जिन्याखालची जागा द्यायला तयार नव्हते, पसारा होईल म्हणून. तिथे दोन आठवडे गेले. शेवटी आम्ही ती जागा झाडून, पुसून, दोरी बांधून आखून दाखवली आणि ऑगस्टअखेर जे उरेल ते आम्हीच हलवू असं लिहून दिलं. तेव्हा त्यांनी किल्ली दिली.