एकविसाव्या वर्षी लेदर बॉल, उशीर झाला का?

प्रश्न: माहा पोरगा 21 वर्षांचा, आर्मी भरतीसाठी रोज पहाटे फाट्यापर्यंत पळते अन् संध्याकाळी पऱ्हाटी उपटलेल्या वावरात टेनिस बॉलवर खेळते. त्याले कोणीतरी सांगितलं का लेदर बॉल शिकायचं वय गेलं, तवापासून गप्प आहे. आमचे भाऊजी म्हणतात एक इंग्रज आर्मी ऑफिसर इथंच भारतात पुस्तकं वाचून क्रिकेट शिकला अन् 300 मारले. खरं हाय का?
– एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, अगदी खरं आहे. मेजर रॉबर्ट पूर त्याचं नाव, जन्म 1866चा, सातव्या हुसार्स म्हणजे घोडदळातला माणूस. लहानपणी क्रिकेट असं मनावर घेतलंच नव्हतं, भारतात पोस्टिंग असताना पुस्तकं वाचून वाचून शिकला, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचा एडीसी म्हणजे हाताखालचा मदतनीस फौजी अधिकारी होता अन् हॅरिस स्वतः इंग्लंडचे माजी कॅप्टन, म्हणजे वातावरणही मिळालं. पण लगेच सगळं जमलं असं नाही बरं का. 1896 मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून तीन टेस्ट खेळला, सहा डावांत मिळून 76 रन! दुसरा असता तर बॅट ठेवून दिली असती. हा मात्र 1899 मध्ये, वयाच्या 33व्या वर्षी, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर काउंटीच्या टीमकडून 12 जून ते 12 ऑगस्ट या दोन महिन्यांत 1399 रन काढून मोकळा झाला, सात शतकं, त्यातच टाँटनला सॉमरसेटविरुद्ध 304, अन् जोडीला दुसऱ्या टोकाला कोण तर कॅप्टन विनयार्ड, तोही फौजीच, त्याचे 225, दोघांची सहाव्या विकेटला 411ची भागीदारी. त्या सीझनची त्याची 91.23 ही सरासरी इंग्लंडमध्ये 1930 साली ब्रॅडमननंच मोडली. पुढं लगेच बोअर युद्ध लागलं, तो लढाईवर गेला.

अन् इतकं लांब कशाला, आपला खापरखेड्याचा उमेश यादव बघा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, आर्मी आणि पोलीस दोन्हीकडं प्रयत्न करून झाले, लेदर बॉल हातात आला तो विशीच्या आसपास, 2008 मध्ये रणजी अन् 2011 मध्ये टेस्ट.

मीही पंचविशीत पहिल्यांदा लेदर बॉल खेळलो, पहिलाच बॉल अंगठ्यावर बसला, नख महिनाभर काळंनिळं होतं. टेनिस बॉल उसळतो म्हणून पोरं मागं सरकून आडवी बॅट फिरवतात, ती सवय आधी मोडायची, पाय बॉलपर्यंत न्यायचा. पॅड, ग्लोव्हज, गार्डशिवाय उतरू देऊ नका, अन् पहाटेचं पळणं चालू राहू द्या, ते दोन्हीकडं कामी येते.